आईच्या मनगटातलं इंजेक्शन

स्पिरिटचा वास आला की सत्तरच्या दशकातला वसईचा तो दवाखाना आठवतो. आई गावातल्या मुलींचे फ्रॉक शिवायची आणि तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर होत चालली होती. डॉक्टर मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन देत असताना तिने माझा खांदा घट्ट धरला. "बरं वाटलं तरी महिनाभर शिवण बंद," त्यांनी बजावलं. आठवड्याभरात मुंग्या थांबल्या. "बघ, सुईत दोरा ओवता येतो!" म्हणत ती हसली आणि थेट मशीनवर बसली. मी अडवलं नाही, कारण चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठीचा माझाच फ्रॉक अर्धा राहिला होता. पावसाळ्यापर्यंत तिच्या हातातून कप निसटू लागले, दुसऱ्या इंजेक्शनने गुण आला नाही. ती मला कधीच काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं आज वाटतं.