बोर्लीची पायवाट आणि माझा एक शेरा

गेल्या वर्षी मी याच ब्लॉगवर बोर्ली पंचतनमधल्या एका घरगुती मुक्कामाबद्दल लिहिलं होतं, "जेवण उत्तम, माणसं गोड, पण पार्किंग नाही." या जानेवारीत पुन्हा जायचं ठरवून फोन केला, तर मालकीण मेघावहिनी म्हणाल्या, तुमचं वाचूनच पार्किंग करून घेतोय. मला चक्क बरं वाटलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

शनिवारी सकाळी सहाला पनवेल सोडलं. माणगावला मिसळ-पाव, मग म्हसळ्याचा वळणावळणाचा रस्ता, खड्डे धरून चार तास. एसटीनंही खुशाल जा, कारण बोर्लीत गाडी लागतच नाही. वाणी, मासळी, दवाखाना, सगळं आठ-दहा मिनिटांच्या चालीवर. ही सोय वाडीतल्या पायवाटेची. इथे आवाराला गडगा, म्हणजे दगडी कुंपण घालताना प्रत्येक जण माणूस जाईल एवढी फट सोडतो. कोणी परवानगी मागत नाही. अंगणातून जाताना घरच्यांना हाक मारायची, बस.

सुरमईचं ताट (साडेतीनशे रुपये, सोलकढी हवी तेवढी) संपवून परसात गेले, तर त्या फटीपाशी चिऱ्यांची रास. परसात गाड्या लावायच्या म्हणून ते बंदिस्त करायला तिथे सलग भिंत येणार होती.

तेवढ्यात हाक मारत पलीकडच्या जुबेदाखाला आल्या. गुडघ्यांना पट्टे, हातात कोलंबीची पिशवी. दोन्ही मुलगे कुवेतला, घरी त्या एकट्याच. कोलंबीतला वाटा मेघावहिनींना देऊन पायरीवर टेकल्या. मी विचारलं, भिंत झाल्यावर बाजाराला कशा जाणार?

"रिक्षा सांगायची रोज," त्या म्हणाल्या. "मोठ्या रस्त्यानं चालवत न्हाय, बेटा. गाड्या अंगावर येतात, धूर नाकात जातो. पण यांचा धंदा हाय, मी कशी नको म्हणू?"

ही भिंत माझ्यामुळे येतेय, हे सांगायचं धाडस झालं नाही. संध्याकाळी दिवेआगरच्या किनाऱ्यावर गेले. सूर्यास्त सुंदर होता, पण मी मागे लागलेली गाड्यांची रांग बघत होते. माझी एक गाडी उभी राहावी म्हणून अख्खी वाडी रिक्षात बसणार, हेच डोक्यात.

रविवारी निघताना मेघावहिनींना म्हटलं, शेरा बदलते, पण भिंत नका घालू. त्या अवघडल्या.

"गवंड्याला सांगून झालंय, ताई. आणि तुम्ही एकट्या थोड्याच आहात? गाडी कुठे लावू, हेच सगळे आधी विचारतात."

घरी आल्या आल्या जुना शेरा खोडून नवा लिहिला. गाडी एसटी स्टँडजवळ लावा, आठ मिनिटं चालत या, वाटेतल्या घरांना हाक मारा. तेव्हा एका वाक्यानं भिंत उभी राहायला घेतली. या तीन वाक्यांनी ती थांबेल का, याची धास्ती काही जात नाही.

काल मेघावहिनींनी फोटो पाठवला. दोन्ही बाजूंनी भिंत कमरेपर्यंत आलीय, मधली फट अजून उघडी आहे. खाली लिहिलंय, "शनिवारी मुंबईचे पाव्हणे येताहेत, दोन गाड्या आहेत. कुठे लावायच्या विचारतात. काय सांगू?"

चालत या म्हणावं, असं मी तत्काळ कळवलं. अजून उत्तर नाही.