शलोमीचा आवाज आणि माझी चिठ्ठी

माझ्या मुलीचा आवाज गेला तो माझ्या प्रार्थनेने गेला, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि पुढचे नऊ दिवस मी तसंच समजून जगले. आमच्या चर्चच्या मंडळीत उपासनेनंतर ज्याला देवाचा काही अनुभव आला असेल त्याने उभं राहून साक्ष द्यायची पद्धत आहे. तीस वर्षांत मी एकदाही उभी राहिलेली नाही. चार माणसं बघायला लागली की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून वहीत लिहिते आहे. शिक्षण चौथीपर्यंत झालंय. चुकलं तर प्रभू समजून घेईल.

मी कोथरूडला चार घरी पोळ्या करते. पोळ्यावाल्या बाईला कुणी बोलायला लावत नाही, म्हणून हे काम मला मानवलं. शलोमीचे पप्पा जाऊन आठ वर्षं झाली. घरात आम्ही दोघीच. शलोमी माझ्या अगदी उलट. लहानपणी बोलायला लागली ती थांबलीच नाही. संडे स्कूलमध्ये पाठांतराचं बक्षीस दरवर्षी तिलाच मिळायचं. बाकीची मुलं हात बांधून बायबलचं वचन म्हणायची आणि ही टाळी देत, पाय आपटत म्हणायची. कॉलेजात गेल्यावर त्याचंच तिने रॅप केलं. पेटी नाही, चाल नाही, नुसते शब्द, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखे तडतड. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हिचं फोनवर कुणाशी भांडण चाललंय. पण येशूचं नाव मधूनमधून कानावर पडत होतं.

हळूहळू मोबाईलवर लोक तिला ऐकू लागले. नगर, नाशिक, मिरज इथल्या मंडळ्या बोलावू लागल्या. दिवसा ऑफिस, संध्याकाळी गाणं, आणि महिन्यातून एकदा व्यसनमुक्ती केंद्र. तिथली मुलं पाळकसाहेबांच्या संदेशाला जांभया द्यायची आणि हिच्या गाण्याला उठून बसायची. आमच्या चर्चमधल्या एका पंचांना मात्र हे पटत नव्हतं. एकदा मला पायरीवर गाठून म्हणाले, "अहो शलोमीच्या आई, काल तुमची मुलगी गात होती म्हणे. आम्हाला वाटलं, बाहेर भंगारवाला आलाय." मी हसले. उत्तर सुचत नाही तेव्हा मी हसते.

मग तरुणांच्या उपासनेत तिने एक नवीन गाणं म्हटलं. एरवी तिचे निम्मे शब्द माझ्या हाती लागत नाहीत. त्या दिवशी तिने मुद्दाम सावकाश म्हटलं आणि मला एकूण एक शब्द कळला.

"पिठाच्या डब्यात बाटली, वरून झाकण घट्ट,
कुणाला सांगू नको गं पोरी, एवढाच आईचा हट्ट."

तिचे पप्पा पीत होते ही गोष्ट मी मंडळीत कुणालाच कळू दिली नव्हती. पुढच्या बाकावरच्या दोन बायका वळल्या, माझ्याकडे बघितलं आणि पटकन परत समोर बघू लागल्या. पुढचं गाणं मला ऐकू आलंच नाही. टाळ्या वाजत होत्या एवढं दिसत होतं.

घरी आल्यावर मी एवढंच विचारलं, "का सांगितलंस?"

ती म्हणाली, "आई, केंद्रातली मुलं मला विचारतात, तुला काय माहीत आमचं? मग मी काय सांगू? आमच्या घरी सगळे दिवसभर हालेलुया म्हणत होते?"

त्यानंतर मी तिच्याशी कामापुरतंच बोलत राहिले.

आमच्या महिला मंडळात एक रीत आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक बाई आपली विनंती चिठ्ठीवर लिहून पत्र्याच्या पेटीत टाकते. नाव लिहायचं नाही. मग प्रत्येकीने एक चिठ्ठी उचलायची आणि त्यात जे असेल त्यासाठी महिनाभर रोज प्रार्थना करायची. कुणाची आहे हे विचारायचं नाही, आणि विनंती पटो न पटो, प्रार्थना चुकवायची नाही. त्या महिन्यात मी लिहिलं, "प्रभो, माझ्या मुलीचं हे गाणं बंद कर. तिला गप्प कर." चिठ्ठी टाकली आणि तशीच निघाले, कारण कोथरूडच्या घरी लवकर बोलावलं होतं. माझ्या वाट्याची चिठ्ठी मी उचललीच नाही.

तीन आठवड्यांनी शनिवारी शहरातल्या सगळ्या मंडळ्यांच्या तरुणांचा मेळावा होता. तिथे शलोमीचा पहिला अल्बम निघणार होता. तिने मला हाताला धरून नेलं. तिसरं गाणं चालू असताना एका ओळीच्या मध्येच तिचा आवाज तुटला. तोंड हलत होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, पण माइकमधून नुसती हवा येत होती. मुलांना वाटलं हा गाण्याचाच भाग आहे, त्यांनी शिट्ट्या मारल्या. शलोमीने गळ्याला हात लावला आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

मला माझी चिठ्ठी आठवली. इतकी वर्षं मी किती काय मागितलं होतं. तिच्या पप्पांची दारू सुटावी म्हणून अकरा वर्षं मागितलं. ते मिळालं नाही, आणि हे मात्र तीन आठवड्यांत मिळालं. मला देवाची इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

सोमवारी आम्ही सदाशिव पेठेतल्या घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजचे नंबर संपले, डॉक्टर उद्यापासून महिनाभर बाहेरगावी आहेत, दुसरीकडे दाखवा. मी काही बोलू शकले नाही, शलोमीला तर बोलताच येत नव्हतं. दोघी तशाच उभ्या राहिलो. तेवढ्यात बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ उठले. त्यांचाही आवाज घोगरा, फाटलेला होता. आपल्या नंबरचा कागद शलोमीच्या हातात देत म्हणाले, "घे."

मी म्हटलं, "अहो, तुमचं काय?"

"मी चाळीस वर्षं गाणं शिकवलं, बाई. आता महिनाभर माझा आवाज निघाला नाही तर घरी पेढे वाटतील."

काउंटरवरची मुलगीसुद्धा हसली. आभार मानायला मी तोंड उघडेपर्यंत ते चपला घालून जिना उतरले होते. त्यांचं नाव मला माहीत नाही. आजही प्रार्थनेत मी त्यांना "ते नंबरवाले बाबा" म्हणते.

डॉक्टरांनी नळी घालून तपासलं. पडद्यावर काहीतरी लाल दिसत होतं. ते म्हणाले, "स्वरतंतूवर रक्त साकळलंय. घसा बरेच दिवस बसलेला असणार. तरी गात होतीस?" शलोमीने मान हलवली. मला धक्काच बसला. एका खोलीत राहून माझ्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात यायला आधी बोलणं व्हायला हवं होतं.

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "परवा आवाज गेला म्हणून ही इथे आली. असंच रेटून आणखी चार कार्यक्रम केले असते, तर कायमचा व्रण राहिला असता. आता एकच औषध. हिला गप्प करा. दोन आठवडे एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. मग बघू किती परत येतो."

गप्प करा. माझाच शब्द त्यांच्या तोंडून आला. मी रागाने जे मागितलं होतं तेच हे औषध म्हणून देत होते. मला काहीच कळेना. देवाने माझं ऐकलं होतं, की माझ्यापासून तिला वाचवलं होतं?

मोबाईलवरची बारीक अक्षरं मला वाचता येत नाहीत, म्हणून शलोमीने येताना एक पाटी घेतली. घरात ती लिहायची आणि मी अक्षर लावून लावून वाचायचे. पण खरी अडचण संध्याकाळी आली. आमच्याकडे दिवेलागणीला घरची प्रार्थना होते. आधी तिचे पप्पा करायचे, ते गेल्यापासून शलोमी. मी डोळे मिटून ऐकायचे, एवढंच माझं काम. आता ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी मनातल्या मनात काहीतरी म्हटलं आणि उठले. दुसऱ्या दिवशीही तसंच. रोज ती बसायची, वाट बघायची. आणि मी रोज पळ काढायचे, कारण मला माहीत होतं, तोंड उघडलं तर पहिली तीच गोष्ट बाहेर येईल.

आवाज गेल्यापासून नवव्या दिवशी ती गोष्ट तोंडातून निघालीच. मी "हे प्रभो" म्हटलं आणि पुढचं अडवता आलं नाही. मी मोठ्याने म्हणाले, मीच मागितलं होतं तिला गप्प करायला. मी चिठ्ठीत लिहिलं होतं. मला लाज वाटली होती म्हणून मी माझ्या लेकराच्या गळ्यावर उठले. माझा घे, तिचा परत दे. किती वेळ बोलत होते ठाऊक नाही. डोळे उघडायची हिंमत होत नव्हती. मग पाटीवर खडू घासल्याचा आवाज आला.

पाटीवर लिहिलं होतं, "माहीत आहे. ती चिठ्ठी मलाच आली."

मी तीनदा वाचलं. मला वाटलं, मीच चुकीचं वाचते आहे. तिने पुसून पुन्हा लिहिलं. चिठ्ठ्यांच्या दिवशी ती मला न्यायला चर्चमध्ये आली होती. मी निघून गेले होते. पेटीत एक चिठ्ठी उरली होती. पाळकीणबाई म्हणाल्या, तुझ्या आईच्या वाट्याची तू घे. तिने घडी उघडली आणि माझं अक्षर ओळखलं.

"मग फाडून का नाही टाकलीस?" मी विचारलं.

"रोज प्रार्थना केली. नियम आहे."

"स्वतःला गप्प करायची?"

तिने पाटी पुसली आणि लिहिलं, "पुढे एक वाक्य जोडायचे. आणि आईला बोलतं कर."

आणि ती खांदे हलवत आवाज न करता हसायला लागली, कारण आत्ताच मी जन्मात बोलले नसेन एवढं बोलले होते.

त्या संध्याकाळी मग मी सगळंच सांगितलं. ती बाटली मी लोकांपासून लपवली नव्हती. तिच्या पप्पांपासून लपवली होती. त्यांनी घरभर शोधलं असतं, पण पिठाच्या डब्यात त्या माणसाचा हात उभ्या जन्मात गेला नव्हता. कुणाला सांगू नको म्हटलं ते त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून. इतकी वर्षं शलोमीला वाटत होतं, आईला फक्त अब्रूची पडली होती. लाजही होतीच, ते मी नाकारत नाही. पण तिला अर्धंच माहीत होतं, आणि ते मी कधी पुरं केलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि दिवसातून थोडा वेळ हळू बोलायची परवानगी दिली. त्या दुपारी आम्ही जेवायला बसलो. आता हिचा पहिला शब्द काय निघेल म्हणून मी घास हातात धरून थांबले होते. शलोमीने एक घास गिळला आणि गंजलेल्या कडीसारख्या आवाजात म्हणाली, "आई, आमटीत मीठ नाही."

मी रडले. मीठ आणायला उठले तीही रडतच.

आवाज पूर्वीसारखा झालेला नाही. थोडा जाड झालाय, आणि ती आता सावकाश गाते. पंच म्हणाले, "हल्ली कळतं बुवा काय म्हणते ते." ते बाटलीचं गाणं तिने बदललं, मला विचारून, बाटली कुणापासून लपवली तेही त्यात घातलं. ज्या दिवशी तिने ते केंद्रात म्हटलं त्या दिवशी मी मागे भिंतीला टेकून उभी होते. एक मुलगा कार्यक्रमानंतर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काकू, माझी आई पण लपवते." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

काय कशामुळे झालं हे मी सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणतील रक्त साकळलं, विश्रांतीने विरलं, आणि ते खरंच असेल. मला एवढंच कळलं की मागताना मी देवाला काम नेमून देत होते, आणि त्याने माझं बोलणं ऐकलं पण माझ्या हिशेबाने केलं नाही. तसं केलं असतं तर मी कुठली राहिले असते? त्याचे उपकार की माझ्या रागाची चिठ्ठी त्याने माझ्याच लेकीच्या हाती दिली, दुसऱ्या कुणाच्या नाही.

आता घरची प्रार्थना एक दिवस ती करते, एक दिवस मी. आज माझी पाळी आहे. सुरुवातीला मी कामावरून येताना बसमध्ये मनात सगळं जुळवून ठेवायचे. आता जुळवत नाही. बसते, डोळे मिटते, आणि तो जे बोलवेल ते बोलते.