चादरीवरची बाई

डॉक्टर गेले तेव्हा मी चहा आणायला खाली गेले होते. अंबाजोगाईच्या दवाखान्याबाहेरचा टपरीवाला म्हणाला, "बाई, दोन मिंटं थांबा, आलं टाकतो," आणि मी थांबले. वर आले तर आमची मुलगी रूथ खाटेशेजारी उभी होती. तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं. एवढ्या वर्षांच्या संसारात मला न सांगता त्यांनी केलेली ही पहिलीच गोष्ट. मला राग आला, अजूनही येतो. चहा मात्र मी तिथंच उभ्या उभ्या पिऊन टाकला, कारण हातातल्या कपाचं काय करायचं तेच सुचेना.

नवऱ्याला मी घरातही 'डॉक्टर'च म्हणायची. ते सर्जन, मी नर्स, आणि आफ्रिकेतल्या एका लहानशा मिशन दवाखान्यात आमची उमेदीची वर्षं गेली. तो दवाखाना चालायचा इकडच्या चर्चमधल्या मंडळ्यांच्या मदतीवर. त्यामुळं काही वर्षांनी सुट्टीवर आलो की सुट्टी कसली, दौराच. केज, घाटनांदूर, अंबाजोगाई, मिळेल त्या जीपनं. रूथच्या मांडीवर प्रोजेक्टर, माझ्या मांडीवर लॅपटॉप आणि डॉक्टर मागं लटकलेले. पुरेसा पाठिंबा जमला तर परत जायचं, नाहीतर नाही, असा सरळ मामला होता. परवा शोकसभेत सगळ्यांनी त्याच दौऱ्यांच्या आठवणी काढल्या. "डॉक्टरांनी दाखवलेला तो फोटो अजून डोळ्यांसमोरून हलत नाही," असं पाळकसाहेब म्हणाले, तेव्हा मंडळीनं माना डोलावल्या. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, बाई रडतायत.

तो फोटो एका बाईचा होता. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. चुलीवर भाजलेली, गळ्यापासून पोटापर्यंत. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा ऑपरेशनं करून तिला उभी केली होती, आणि नंतरच्या फोटोत ती अंगभर कपड्यात छान हसत होती. पण लोकांचे डोळे भरायचे ते पहिल्या फोटोला. त्यात कमरेपर्यंत तिच्या अंगावर काही नव्हतं. आम्हा दोघांना तिथं जखम दिसायची, बाई दिसायचीच नाही. दवाखान्यात जन्म काढलेल्या माणसांचं असं होतं. तो फोटो शेवटी ठेवायचा आणि त्याआधी पडदा क्षणभर कोरा सोडायचा, ही युक्ती माझी. लोक एकदम गप्प व्हायचे, आणि मला ते आवडायचं.

केजच्या पलीकडं मंडळीतल्या एका घराच्या अंगणात कार्यक्रम होता. डॉक्टरांचं पिच्चर आहे म्हणून शेजारच्या धनगरवस्तीवरचीही माणसं आली होती, बायका, गडी, लेकरं, सगळी. दोरीवर पांढरी चादर टांगलेली. दिवेलागण झाली, कार्यक्रम रंगला, मी क्षणभर थांबले आणि बटण दाबलं. पुढं बसलेली सोनाबाई नावाची एक धनगरीण उठली.

"डाक्टर, ह्या बाईला ठावं हाय का, तुमी तिला आमाला दावायलात म्हनून?"

"मावशी, ती आता बरी आहे," डॉक्टर म्हणाले. "पुढचा फोटो बघा, चांगली हिंडते-फिरते."

"बरी हाय तर मंग लईच वंगाळ. ती तिकडं बाजारात हिंडंल, अन हितं आमी तिला उघडी बघायलाव. कावून?"

सोनाबाईनं खांद्यावरची घोंगडी काढली आणि चादरीवर टाकली. काळ्या लोकरीवर तो फोटो दिसेनासाच झाला… अंगणात कुणी हसलं नाही. मी लॅपटॉप मिटला. यजमान आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "अडाणी मानसं हायती, मनावर घेऊ नका."

"मनावरच घेतोय," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. ते म्हणाले, तो फोटो काढून टाक. मी म्हणाले, "अहो, त्या फोटोवर दवाखाना चाललाय."

"म्हणूनच," ते म्हणाले, आणि ताटातलं पिठलं तसंच ठेवून उठले.

फोटो काढून टाकला. मग डॉक्टर नुसतं बोलायचे, आणि खरं सांगायचं तर ते फार कंटाळवाणं बोलायचे. पाठिंबा रोडावला. आम्ही ठरल्यापेक्षा किती तरी उशिरा परत गेलो, आणि दरम्यान तिकडं ऑपरेशनवाचून कुणाकुणाचं काय झालं असेल, हे मी त्यांना अनेकदा तोंडावर ऐकवलं. आमच्यात बरोबर कोण होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

परत गेल्यावर डॉक्टर आधी त्या बाईच्या गावी गेले. मी सोबत होते. तिनं आम्हाला अंगणात बसवलं, भाजलेल्या शेंगा पुढं ठेवल्या. तुझा तसला फोटो आम्ही आमच्या देशात दाखवला, असं त्यांनी तिच्या भाषेत सांगितलं आणि माफी मागितली. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग तिनं विचारलं, किती लोकांनी बघितलं?

"थोड्यांनी," डॉक्टर म्हणाले. या माणसाला खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. गावांची नावं मला पाठ होती.

पुरुष होते का, असं तिनं विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "नाही, बायकाच होत्या."

तिचा चेहरा मोकळा झाला. निघताना तिनं उरलेल्या शेंगा माझ्या पिशवीत घातल्या. वाटेत डॉक्टर एकच वाक्य बोलले, "तिनं विश्वास ठेवला गं…"

तेव्हापासून पेशंटच्या अंगावरची चादर सारण्याआधी ते वाकून विचारायचे, "बघू का?" पेशंट बेशुद्ध असला तरी विचारायचे. शिकाऊ नर्सेस तोंडावर हात धरून हसायच्या, आणि मीही त्यांच्यात असायची.

या लेखासाठी डॉक्टरांचा एखादा फोटो पाठवा, असा वर्तमानपत्राच्या पुरवणीतून निरोप आला. शेवटच्या आजारातला एक आहे, रूथनं काढलेला. दाढी वाढलेली, नाकात नळी, पण डोळे अगदी त्यांचे. तो बघून वाचकांना गलबलून आलं असतं, हे मला ठाऊक आहे. नाही पाठवला. त्यांना विचारता येत नाही आता. स्वतःवर खूश होऊन मी लेख पहिल्यापासून वाचायला घेतला, आणि मधल्या एका परिच्छेदाशी थांबले. नवऱ्याला मी झाकलं होतं. त्या बाईला मात्र पुन्हा एकदा, न विचारता, तुमच्या सगळ्यांसमोर उभं केलं आहे.