दादांची चौथी मोटर

मोटरीला तार गुंडाळायला मला दादांनीच शिकवलं. त्यांचं काम रेखीव. माझं म्हणजे उरकलं एकदाचं. तरी त्या आठवड्यात माझ्या मोटरी पास आणि दादांच्या ओळीने तीन नापास! माझी तर मतीच गुंग झाली.

तपासणीला बसायच्या वहिनी, म्हणजे दादांचीच बायको. तपासायचं मोठं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, म्हणून हातातल्या मल्टीमीटरवर भागवणं चाललं होतं. मीटरचं एक टोक तारेला, दुसरं मोटरीच्या लोखंडाला. काम चांगलं असेल तर मध्ये विजेला अडथळा एवढा, की मीटरवर आकडाच येत नाही. माझ्या मोटरींना यायचा नाही. दादांच्या मोटरींना दोन मेगाओहम, कधी दीड. म्हणजे वीज लोखंडात गळतेय.

"नवऱ्याच्याच मोटरी बऱ्या सापडतात तुम्हाला नापास करायला," मी चिडवलं.

"मीटर काय माझा दीर आहे, माझं ऐकायला?" वहिनी तळवे पुसत म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत. आणखी एक नापास झाली की दादांनी घरी बसायचं, असं मालकांनी बजावलं होतं.

नापास मोटर दादा स्वतः उसवायचे. आत जळकं, खरचटलेलं काही म्हणजे काही सापडायचं नाही. मग ते तारेच्या तुकड्यांकडे बघत बसायचे आणि मी त्यांच्याकडे.

चौथी मोटर आली. दीड. वहिनींनी पुन्हा पाहिलं. एक पूर्णांक दोन. "अहो, हे तर उतरतच चाललंय!"

दादा मोटर उचलून आपल्या टेबलाकडे गेले. वहिनी दोन्ही टोकं चिमटीत धरून तशाच बसल्या. माझी नजर मीटरवर गेली. एक पूर्णांक दोन. मध्ये मोटर नव्हतीच!

"वहिनी, टोकं सोडा बरं."

आकडा गेला. धरली, की आला.

मी तारा शेपटासारख्या लांब सोडायचो, त्यांना मीटरचा चिमटा लागायचा. दादा तार जेवढ्यास तेवढी कापत. तिथे चिमटा बसेना, म्हणून वहिनी टोकं बोटांनी दाबून धरत. वीज त्यांच्या अंगातून जायची आणि मीटर त्यांनाच मापत होता. काळजीने हात घामेजले, की आकडा आणखी खाली.

"अहो, थांबा!" वहिनी धावल्या. अर्धी तार तोवर कापून झाली होती. त्यांनी रडतरडत सगळं सांगितलं. दादा आता भडकणार, असं मला वाटलं.

"मला वाटलं, हातच गेले माझे," ते हळूच म्हणाले. "सकाळी मालकांना सांगून आलो, आता जमत नाही."

वहिनींनी त्यांचं मनगट धरलं आणि ओढतच मालकांच्या दारात नेलं.

"मालक," त्या म्हणाल्या, "मोटरी पास आहेत. नापास मी आहे."