अकरा किलोंचं श्रेय

माझं वजन अकरा किलोंनी उतरलं ते मी चालून आणि जेवण कमी करून उतरवलं. हे गेली बारा वर्षं मी लोकांना सांगते आहे, आणि लोक ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि मग विचारतात की कोणत्या दवाईनं?

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. बँकेत दिवसभर खुर्चीवर, घरी आल्यावर स्वयंपाकघरात. आमचं घर ब्रह्मा घाटावर, गल्लीच्या आत. सासरची माणसं इतक्या पिढ्या काशीत राहिली आहेत की गाव कोणतं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. नवरा विद्यापीठात शिकवत होते. धाकटे दीर दशाश्वमेधावर बसत, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना संकल्प सांगत, श्राद्धं करवत. ते आमच्यातच राहत. त्यांचं लग्न झालं नव्हतं, आणि मी या घरात आले तेव्हा ते शाळेत होते, त्यामुळे त्यांचं खाणंपिणं पहिल्यापासून माझ्याकडेच.

गुडघे दुखायला लागले म्हणून मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी साखर तपासली आणि सांगितलं की ती काठावर आली आहे, वजन उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू कराव्या लागतील. मला गोळ्यांची भीती वाटली, हेही आता आठवलं की हसू येतं, कारण दोनच आठवड्यांत मी रोज दोन दोन कॅप्सूल आनंदानं गिळायला लागले होते.

दुसऱ्या दिवसापासून सबेरे पाचला मी घाट उतरले. पहिल्या दिवशी पंचगंगा घाटापर्यंत जाऊन पायरीवर बसले. दहा दिवसांनी मणिकर्णिकेपर्यंत, तिथून लाकडांच्या ढिगांमधून वाट काढत पुढे, आणि महिन्याभरानं दशाश्वमेध ओलांडून मुन्शी घाटापर्यंत. परत येताना ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या चढायच्या, त्या तर रोज नव्यानं उंच वाटत. पावसाळ्यात पाणी चढून घाटच बुडाले, तेव्हा गल्ल्यांमधून चालले, चिखलातून, गाईंच्या मधून. भात निम्मा केला. चहातली साखर बंद केली. रविवारची कचौरी-जिलबी सोडली, घरात सगळे खात असताना समोर बसून सोडली. दिरांच्या यजमानांकडून त्यांच्याबरोबर पेढ्यांची पुडी यायची, ती मी न उघडता शेजारी देऊन टाकायची. भूक लागून हात कापायचे. हे सगळं मी केलं. म्हणून सांगते.

चालायला लागून दोन आठवडे झाले असतील, गल्लीत काकू भेटल्या. काकू म्हणजे आमच्याच मराठी मंडळींतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, सगळ्यांना धरून असणाऱ्या. कोणाच्या घरी मुंज असो की मयत, काकू आधी हजर. त्यांनी जवळच एक खोली घेऊन वजन कमी करण्याचा क्लब सुरू केला होता. मी टहलायला जाते हे त्यांना कळलं होतं. त्या म्हणाल्या, नुसतं चालून काय होणार, या वयात शरीर दाद देत नाही, सोबत काहीतरी हवं. डाएट आणि व्यायाम हे दोन पाय, आणि हा तिसरा आधार. मला ते पटलं. डॉक्टरांना विचारावं असं मनातही आलं नाही. काकूंना नाही म्हणणं आमच्याकडे कोणालाच जमत नसे.

मग सुरू झालं. सकाळी नाश्त्याऐवजी डब्यातल्या पावडरीचं दाट पेय, दुपारी जेवणाआधी दोन कॅप्सूल. क्लबात वीसेक बायका प्लास्टिकचे मग हातात घेऊन बसत. दर शनिवारी काट्यावर उभं राहायचं, काटा उतरला की टाळ्या. कॅप्सूल घेतल्यावर तासाभरानं माझी छाती धडधडायची, तोंड कोरडं पडायचं, रात्री झोप यायची नाही. मी काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, चरबी जळते आहे. मी ते खरं मानलं. शिकलेली बाई, बँकेत इतकी वर्षं लोकांना प्रत्येक कागद नीट वाचून मग सही करा म्हणून सांगणारी, आणि डब्यावरचं लिहिलेलं एकदाही वाचलं नाही. पुढे झोप अगदीच उडाली तेव्हा दोनांची एक केली, तेही काकूंना न सांगता.

चार महिन्यांत अकरा किलो गेले. काकूंनी माझा आधीचा एक फोटो मागून घेतला, नवा काढला, आणि दोन्ही शेजारी शेजारी मोठे करून क्लबाच्या फळ्यावर लावले. खाली हिंदीत लिहिलं होतं, ‘ग्यारह किलो कम! न दौड़-धूप, न भूखे रहना!’

मी ते वाचलं. ते खोटं आहे हेही त्याच क्षणी कळलं. चार महिने मी जे केलं ते नेमकं चालणं आणि भुकेलं राहणं होतं, आणि तेच तिथे नाकारलेलं होतं. पण समोर बायका टाळ्या वाजवत होत्या, काकूंनी गळ्यात हार घातला, आणि मी हसले. त्या हसण्याचा राग मला अजून येतो.

भाऊजींचं, म्हणजे धाकट्या दिरांचं, वजन माझ्याहून किती तरी जास्त होतं. बसून करायचं काम, यजमानांकडचं गोडाधोडाचं जेवण, आणि गुडघा असा की चार पायऱ्यांवर थांबावं लागायचं. रक्तदाबाची गोळी चालू होती. लोक त्यांच्या पोटावरून विनोद करायचे, तेही स्वतः हसायचे, म्हणून आम्हाला वाटायचं की त्यांना काही वाटत नाही. त्यांनी क्लबात जाऊन माझा फोटो बघितला हे मला ठाऊक नव्हतं. ते कॅप्सूल घ्यायला लागले तेही ठाऊक नव्हतं. त्यांना मला एकदम बारीक होऊन दाखवायचं होतं.

कार्तिकातली सकाळ होती. दशाश्वमेधावर गर्दी. ते साताऱ्याकडच्या एका कुटुंबाला संकल्प सांगत होते. सांगता सांगता अडखळले, हातातली पळी सुटली, आणि छत्रीखालच्या लाकडी चौकीवरच कलंडले. मी त्याच वेळी मुन्शी घाटाकडून परतत होते. गर्दी दिसली, कोणीतरी भाऊजींचं नाव घेतलं, म्हणून धावले. त्यांचं अंग घामानं थबथबलेलं, ओठ पांढरे. ते यजमानांची क्षमा मागत होते की विधी अर्धा राहिला. त्या कुटुंबातल्या दोघांनी आणि नावाड्यांनी मिळून त्यांना वर रस्त्यावर नेलं, तिथून रिक्षानं इस्पितळात.

नाडी इतकी जोरात चालली होती की नर्सनं मोजून पुन्हा मोजली. रक्तदाब फार वर गेला होता. दोन दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं की आणखी काही घेता का, तेव्हा भाऊजींनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"वहिनी, तुम्ही घेत होतात तेच," ते म्हणाले. "मला चालता येत नाही, म्हणून काकू म्हणाल्या, दोनाच्या चार घ्या."

आणि रक्तदाबाची गोळी? ती त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी सोडली होती. वजन उतरलं की दाब आपोआप उतरतो, उगाच दोन दोन दवाया कशाला, असंही क्लबातच सांगितलं होतं.

डॉक्टरांनी डबा मागवला. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि वाचायला सांगितलं. अगदी बारीक अक्षरांत कॅफीन, कसला कसला अर्क, आणि मग ‘विशेष मिश्रण’. त्या मिश्रणात काय आणि किती, ते कुठेच नव्हतं. डॉक्टर चिडले नाहीत. ते शांतपणे म्हणाले की अशा काही गोष्टींनी वजनात थोडाफार फरक पडतही असेल, पण तो खाणं आणि चालणं यांच्यापुढे किरकोळ असतो. आणि ज्याचा दाब आधीच वाढलेला आहे त्याला असली उत्तेजक चीज विष होऊ शकते. शिवाय लिहिलेलं तेवढंच आत असतं याची खात्री ते देऊ शकत नव्हते. मी विचारलं, मग माझे अकरा किलो? त्यांनी विचारलं, रोज किती चालता? मी सांगितलं. ते म्हणाले, उत्तर तुम्हीच दिलंत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच क्लबात गेले. सकाळची वेळ, बायका प्लास्टिकचे मग घेऊन बसलेल्या. काकूंना भाऊजींचं कळलेलं होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी आणवलं. मी उभीच राहिले. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "अगं, तूसुद्धा घेतल्याच होत्यास. तुला काही झालं का?"

वर्गातल्या मुलीला विचारावं तसं. मी घेतल्या होत्या हे खरंच होतं, हारही घालून घेतला होता.

मग मी सगळ्यांसमोर हिंदीत सांगितलं की मी रोज किती चालत होते, काय काय खायचं सोडलं होतं, आणि छाती धडधडायला लागल्यावर एक कॅप्सूल चोरून कमी केली होती. काकूंना म्हटलं, "माझ्या वजनात तुमच्या डब्याचा वाटा किती, ते मला माहीत नाही. पण तुम्हालाही माहीत नाही. मग हे फळ्यावर कशाच्या जोरावर लिहिलंत?"

काकू म्हणाल्या की लोकांना उमेद द्यावी लागते, चाला आणि कमी खा हे तर सगळेच सांगतात, त्यासाठी कोण येतं? हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या. मी फळ्यावरून माझे दोन्ही फोटो काढले. टाचण्या खाली पडल्या. एका बाईनं हातातला मग जमिनीवर ठेवला आणि माझ्यामागून बाहेर आली. बाकीच्या बसून राहिल्या.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते म्हणाले, झालं ते झालं, इथे मराठी घरं उरलीत किती, त्यांतही वैर कशाला. भावाला दोन दिवस इस्पितळात बघून आलेला माणूस हे बोलत होता. मी त्यांच्याशी आठवडाभर धड बोलले नाही. ज्यांनी चूक केली त्यांचं मन सांभाळायचं, आणि जो घाटावर कोसळला त्यानं समजून घ्यायचं, हा न्याय मला कधी कळला नाही.

कॅप्सूल मी त्याच दिवशी बंद केल्या. चालणं आणि जेवण तसंच ठेवलं. पुढच्या वर्षभरात वजन परत चढलं नाही, उलट आणखी दोन किलो उतरलं, आणि झोप मात्र परत आली. एका बाईच्या अनुभवावरून जगाला शिकवू नये, हे मी जाणते. पण मला माझ्यापुरतं उत्तर मिळालं.

भाऊजी बरे झाले. रक्तदाबाची गोळी पुन्हा सुरू झाली. गुडघ्याचे व्यायाम शिकले, पेढे यजमानांनाच परत देऊ लागले. फार बारीक झाले नाहीत, पण दशाश्वमेधाच्या पायऱ्या न थांबता चढतात. काकूंचा क्लब आणखी तीन वर्षं चालला. त्या अजूनही आमच्या घरच्या कार्याला येतात आणि मी त्यांना वाकून नमस्कार करते. राग गेलेला नाही.

गेल्या वर्षी पुण्याला एका मुंजीत एक तरुण मुलगी शेजारी येऊन बसली. तिच्या आईनं तिला सांगितलं होतं की मी एवढं वजन उतरवलं. कसं, असं तिनं विचारलं. मी तिला घाट सांगितले, पायऱ्या सांगितल्या, निम्मा भात सांगितला, भुकेनं कापणारे हात सांगितले. भाऊजींचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग थोडं हिरमुसून म्हणाली, "मावशी, औषधाचं नाव सांगायचं नसेल तर राहू दे," आणि उठून दुसऱ्या पंगतीला गेली.