काटोलला गेलेले चाक

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी नागपुरातल्या हस्तकला मेळ्याच्या मैदानावरून एका ट्रेलरचे डावे चाक काटोलला गेले. ते चोरीला गेले नव्हते. मेळ्याचा तो शेवटचा दिवस होता.

मी शुक्रवारी साताऱ्याहून नागपुरात पोचलो होतो. मेळा पाहायचा आणि संत्री घेऊन परतायचे, एवढाच बेत. स्टेशनबाहेर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा तिखटजाळ रस्सा) खाल्ले. मी आणखी तर्री मागितली, तेव्हा गाडीवाल्याने आधी माझ्याकडे पाहिले आणि मग पाण्याचा जग जवळ सरकवला.

मैदानाच्या मागच्या बाजूला विक्रेत्यांचे ट्रेलर ओळीने उभे होते. जीपमागे जोडायच्या या पत्र्याच्या गाड्यांना इथे ट्रॉली म्हणतात. प्रत्येक ट्रॉलीला एका बाजूला चाक होते आणि दुसऱ्या बाजूला विटांची चवड.

उमरेडच्या हातमाग विणकर वनिताबाईंनी कारण सांगितले. "मागल्या साली एका भाऊची अख्खी ट्रॉलीच ओढून नेली. कुलूप चांगलं मजबूत होतं. कुलपासकट नेली."

तेव्हापासून मेळ्यात रीत पडली. दुकान बंद झाले की ट्रॉलीचे एक चाक काढायचे आणि शेजाऱ्याच्या ट्रॉलीत ठेवायचे. शेजाऱ्याचे चाक आपल्या ट्रॉलीत. दोन्हींना कुलूप.

"म्हणजे चोराले पहिले दोन कुलपं तोडा लागते, मग चाक बसवा लागते," वनिताबाई म्हणाल्या. "एवढी मेहनत करून राहिला तर त्यानं आमच्या बाजूले दुकानच लावावं न!"

त्यांचे शेजारी सुखदेव, काटोलचे बांबू कारागीर. शनिवारी संध्याकाळी त्यांचे सगळे बांबूचे दिवे विकले गेले. वनिताबाईंचे चाक आपल्या ट्रॉलीत चढवताना ते म्हणाले, "ताई, दिवे हलके होते. तुमचं चाकच भारी पडून राहिलं मले."

रविवारी सकाळी मी मैदानावर आलो तेव्हा सुखदेव यांच्या जागेवर फक्त विटा होत्या. माल संपल्यामुळे ते पहाटेच निघाले होते. त्यांचे चाक वनिताबाईंच्या ट्रॉलीत कुलूपबंद होते आणि वनिताबाई लकडगंजला बहिणीकडे मुक्कामाला. म्हणून सुखदेवांनी स्वतःची स्टेपनी बसवली. वनिताबाईंचे चाक रिकाम्या टोपल्यांखाली तसेच राहिले. सुखदेवांच्या फोनची घंटी जात होती, कोणी उचलत नव्हते.

"भाऊ, चोरानं नेलं असतं तर रिपोर्ट तरी लिहिता आली असती," वनिताबाई म्हणाल्या. "आता काय लिहू? शेजाऱ्यानं लय जपून ठेवलं म्हणून?"

त्या हसल्या, पण अडचण खरी होती. संध्याकाळी पहारेकरी जाणार आणि मैदान उघडे पडणार होते. ट्रॉलीत वर्षभर विणलेल्या साड्या होत्या आणि लोकांना दाखवायला आणलेला सुटा केलेला माग. मालाला जागा हवी म्हणून त्यांची स्टेपनी घरी राहिली होती, आणि सुखदेवांचे चाक लहान असल्याने त्यांच्या ट्रॉलीला बसत नव्हते. टायरची दुकाने रविवारमुळे बंद. त्यांचे यजमान उमरेडहून जीप घेऊन संध्याकाळीच येणार होते, आणि दुकान सोडून वनिताबाईंना हलता येत नव्हते. मला दुसरे काम नव्हते. मी काटोलची बस पकडली.

काटोल जवळ आले तशा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या. फळांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिले होते. फळबाजारात सुखदेवांचे नाव सांगताच एकाने हात केला. त्यांची ट्रॉली एका व्यापाऱ्याच्या गाळ्यापुढे उभी होती. मी फोन लावला. घंटी ट्रॉलीच्या आतून ऐकू आली.

सुखदेव गाळ्यातून चहाचा कप घेऊन बाहेर आले. "अरे! साताऱ्याचे पाव्हणे! तुम्ही इथं काहून (का)?"

मी कारण सांगितले. त्यांनी कप तसाच ओट्यावर ठेवला, कुलूप काढले आणि टोपल्या बाहेर फेकायला सुरुवात केली. तळाशी चाक होते. त्यावर फोन.

"ताई मले सोडत नाही आता," ते म्हणाले.

सुखदेवांच्या जीपमध्ये व्यापाऱ्याचा माल चढवणे चालू होते, त्यामुळे त्यांची जीप लगेच निघणार नव्हती. त्यांनी चाक डोक्यावर घेऊन मला बसपर्यंत पोचवले आणि माझ्या पिशवीत मावतील तेवढी संत्री कोंबली. कंडक्टरने चाक सीटखाली ढकलून पाहिले; ते गेले नाही.

"गाडी कुठं ठेवली गा बाकीची?" त्याने विचारले.

"नागपूरले," मागून एक आजीबाई म्हणाल्या. "एकेक चाक घेऊन चालले ते."

नागपूरपर्यंत चाक माझ्या पायांत राहिले. मैदानात पोचलो तेव्हा बहुतेक दुकाने उतरली होती. वनिताबाई बंद ट्रॉलीच्या दाराला पाठ लावून स्टुलावर बसल्या होत्या. चाक पाहून त्या उठल्या आणि पहिल्यांदा टायर दाबून हवा पाहिली. तेवढ्यात त्यांचे यजमान जीप घेऊन आले. त्यांनी पान्ह्याने नट आवळले, विटा काढल्या. पहारेकरी फाटक लावायला उभा असताना ट्रॉली मैदानाबाहेर पडली. मैदानात मागे एकही ट्रॉली उरली नव्हती.

सोमवारी मी परतीची गाडी धरली. वर्धा मागे पडल्यावर वनिताबाईंचा फोन आला. साड्या आणि माग घरी पोचले होते. माल उतरवताना सर्वांत खाली, गडबडीत सगळेच विसरलेले सुखदेव यांचे चाक सापडले. ते उमरेडला होते. वनिताबाईंनी सुखदेवांना फोन लावला होता. घंटी जात होती, कोणी उचलत नव्हते.