उकिडवेबाईंचा जानेवारी

उकिडवेबाईंबद्दल लिहायचं मी अकरा वर्षं टाळत आलो. इथल्या मराठी मंडळात त्यांचा विषय निघाला की मी चहाचा कप घेऊन दुसऱ्या टोकाला जातो. गेल्या गणपतीत मात्र एक नवी आलेली मुलगी कुणाला तरी सांगत होती, "त्या उकिडवेआजी ना, त्यांना शेवटी काहीच आठवत नव्हतं म्हणे." ती मुलगी बाईंना कधी भेटलेलीही नव्हती. ही गोष्ट कुठून निघाली ते मला ठाऊक आहे. मी आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. आणखी थांबलो तर तीच खरी ठरेल.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि पत्नी गेल्यावर मुलगा मला जपानात सेंदाईला घेऊन आला. तो विद्यापीठात संशोधन करतो, सून गौरी एका कंपनीत आहे. सकाळी आठनंतर पाचव्या मजल्यावरच्या घरात मी आणि फ्रीजची घरघर, एवढेच उरत असू. जपानी येत नाही, इंग्रजीचा इथे उपयोग नाही. दुपारी खिडकीतून बसस्टॉप दिसायचा, तो बघत बसायचो.

उकिडवेबाई पहिल्यांदा दिसल्या त्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सव्वीस डिसेंबरला. जिन्याच्या पायरीवर बसून त्या नाताळात दाराला लावतात तसल्या गोल तोरणाच्या लाल रिबिनी कात्रीने कापत होत्या. अंगात पुरुषी कोट, पायात लोकरीचे मोजे. मला बघून त्यांनी मान वर केली आणि मराठीत म्हणाल्या, "पाचव्या मजल्यावरचे सासरे ना तुम्ही? हे कडं धरा जरा. वेल काटेरी आहे, जपून."

त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. मूळच्या गुहागरकडच्या. नवऱ्याबरोबर ऐन पंचविशीत सेंदाईला आल्या, नवरा धातुशास्त्राचा प्राध्यापक होता. तो जाऊन आठ वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन ओसाकाला. त्या मात्र हलल्या नव्हत्या.

इथे नाताळ पंचवीसच्या रात्रीत नाहीसा होतो. सकाळी दुकानांत त्याचा मागमूस नसतो, नव्या वर्षाच्या गवताच्या दोऱ्या लागलेल्या असतात. जानेवारीच्या मध्यावर त्याही देवळात नेऊन जाळतात. मग दोन महिने काही नाही. डोंगरावरून वारा येतो, भिंती पातळ, संध्याकाळ साडेचारला. बाई घर सजवायला घ्यायच्या त्या नेमक्या तेव्हा.

"डिसेंबरला कोण विचारतंय हो," त्या म्हणायच्या. "त्याची सोय सगळं गाव बघतं. पोरका असतो तो जानेवारी."

शेजाऱ्यांची नाताळची तोरणं त्या मागून आणायच्या. चकचकीत ते सगळं काढून टाकायचं आणि वेलीचं कडं तेवढं ठेवायचं. त्यात नदीकाठचं वाळलेलं गवत आणि पाइनची सुकी फळं खोचायची. ही फळं आधी ओव्हनमध्ये भाजून घ्यायच्या, किडे असतात म्हणून. कॉफीवाल्याकडून आणलेलं गोणपाट टेबलावर, सफरचंदांची जुनी लाकडी खोकी एकावर एक रचून कपाट, सोफ्यावर आईच्या लुगड्यांची गोधडी. पांढरा दिवा बंद आणि कोपऱ्यात पिवळा. रॉकेलच्या स्टोव्हवर किटली आणि तिच्या शेजारी संत्र्याच्या चकत्या वाळत टाकलेल्या. त्या खोलीत गेलं की आधी वास यायचा, मग ऊब.

एकदा गौरी कौतुकाने म्हणाली, "मावशी, हल्ली याला रस्टिक म्हणतात. लोक खूप खर्च करतात यावर."

"आम्ही गावठी म्हणायचो," बाई म्हणाल्या. "आणि लग्न ठरेपर्यंत लपवायचो."

मी रोज तीन वाजता खाली जाऊ लागलो. काम असे: दोरा धरणं, फळं पुसणं, खोकं हलवणं. "परचुरे, तुम्ही धरणं बांधलीत म्हणता, आणि एक खिळा सरळ मारता येईना?" दिवसभरात माझ्याशी कोणी मराठीत बोललं तर तेवढंच. घराला माणसाच्या आधी थंडी वाजते असं त्यांचं ठाम मत होतं. "आधी त्याला पांघरूण घाला, मग स्वतःला."

दोन गोष्टींबद्दल त्या फार हळव्या होत्या. पहिली म्हणजे कचरा. इथे कचऱ्याचे वार ठरलेले असतात, काच वेगळी, धातू वेगळा, जळणारं वेगळं. चुकीची पिशवी गाडी उचलत नाही, लाल चिठ्ठी लावून तिथेच सोडते आणि सगळी इमारत ती बघते. चव्वेचाळीस वर्षांत त्यांच्या पिशवीला एकदाही चिठ्ठी लागली नव्हती. टाकलेल्या ढिगातून त्यांनी कधी काही उचललंही नव्हतं. "मागून घ्यावं. उचलू नये. इथे आपण परके, आपलं एक चुकलं तर दहा जणांच्या नावावर जातं."

दुसरी गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, संत्री सोलताना. त्यांची आई शेवटी पोरींची नावं विसरली होती. "मला मरणाचं भय नाही हो परचुरे. तसं होण्याचं आहे. किटली कोरडी झालेली दिसली की पोरीचं नाव मोठ्याने घेऊन बघते."

हे मला माहीत होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवावं.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात मी कचरा खाली नेला आणि आमच्या पिशवीला लाल चिठ्ठी लागली. गौरीला शेजाऱ्यांची माफी मागावी लागली. ती मला एवढंच म्हणाली, "बाबा, प्लीज, कचऱ्याला तुम्ही हात लावू नका." त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलगा तिला हळूच म्हणत होता, "त्यांना पुण्यातच बरं पडेल का गं?" पुण्यातलं घर बंद होतं. तिथे कोणी नव्हतं.

डिसेंबरात दोघं पंधरा दिवसांसाठी पुण्याला गेली, गौरीच्या भावाचं लग्न होतं. मला थंडीत प्रवास नको म्हणून मी थांबलो. घरात नाताळसाठी आणलेलं फरचं छोटं खरं झाड होतं, त्यावर गौरीने हौसेने आणलेले निळे काचेचे गोळे. जाताना ती म्हणाली, "झाड तसंच असू दे. आल्यावर फांद्या उकिडवेमावशींना देऊ, मी कबूल केलंय." बाईंनीही मला दोनदा आठवण केली होती, "तुमच्या झाडाच्या फांद्या माझ्या आहेत हं. मधल्या खोक्यावर जागा ठेवलीय."

दोन जानेवारीला सतरंजीवर पडलेली झाडाची सुयांसारखी पानं झाडताना माझा धक्का लागून झाड आडवं झालं. गोळे फुटले. किती साधी गोष्ट. खाली जाऊन बाईंना सांगितलं असतं तर त्या झाडू घेऊन वर आल्या असत्या. पण माझ्या डोळ्यांपुढे पुण्याचं बंद घर उभं राहिलं. मी स्वयंपाकघरातल्या कात्रीने झाड तोडलं आणि फांद्या, तार, काचा, सगळं एकाच पिशवीत कोंबलं. नव्या वर्षातल्या कचऱ्याच्या पहिल्याच दिवशी सकाळी कोणी उठायच्या आत पिशवी खाली ठेवून आलो.

संध्याकाळी मुलगा-सून परतली.

"बाबा, झाड कुठंय?"

"उकिडवेबाईंना दिलं."

"गोळ्यांसकट? त्यांना तर चकचकीत काही चालत नाही."

"त्यांनीच मागितले," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली. किकुची-सान उभे होते. आमच्याच इमारतीतले, सत्तरीचे, अबोल गृहस्थ. त्या आठवड्यात कचऱ्याच्या जागेवर देखरेखीची पाळी त्यांची होती. उजव्या हाताला बँडेज होतं. न उचललेली पिशवी कोणाची ते बघायला त्यांनी ती उघडली, आणि काच तळव्यात गेली. टाके पडले होते. त्यांच्या दुसऱ्या हातात एका कागदावर निळ्या काचेचे तुकडे होते. गौरीने ते ओळखले. ती जपानीत जे बोलली ते मला कळलं नाही, पण "उकिडवे-सान" एवढं कळलं. तिने खोटं सांगितलं नाही. तिला जे माहीत होतं ते सांगितलं.

आम्ही तिघं तिसऱ्या मजल्यावर गेलो. बाईंनी हसत दार उघडलं, मागून संत्र्याचा वास आला. किकुची-सान हलक्या आवाजात बोलत होते, बाई मान हलवत होत्या, नाही, नाही. मग गौरी मराठीत म्हणाली, "मावशी, बाबांनी तुम्हाला झाड दिलं ना?"

बाई माझ्याकडे वळल्या. त्या नजरेत राग नव्हता, संशयही नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

"परचुरे, मी नेलं का हो झाड?"

"हो," मी म्हणालो. "तुम्हीच नाही का आलात परवा सकाळी न्यायला."

त्यांनी दाराची चौकट धरली. मधल्या खोक्यावरची ती रिकामी जागा त्यांच्या मागे मला दिसत होती. पण त्यांनी वळून बघितलं नाही. "असेल," त्या म्हणाल्या. मग किकुची-सानांपुढे कमरेतून वाकल्या आणि तशाच राहिल्या, इतका वेळ की समोर उभ्या किकुची-सानांनाच अवघडल्यासारखं झालं.

त्या आठवड्यात बाई मिठाईचे डबे घेऊन इमारतीतल्या प्रत्येक दाराशी गेल्या. कोणी वाईट बोललं नाही. पण पुढे गौरी काळजीने ओसाकाच्या मुलीशी बोलली, मुलगी घाबरली, इमारतीतलं कोणीतरी स्टोव्हबद्दल बोललं. बाई स्वतःच स्टोव्ह पेटवेनाशा झाल्या. दारावर, नळावर, गॅसवर चिठ्ठ्या लागल्या: बंद केला का. मी तीनला जायचो तर कोट घालून बसलेल्या असायच्या. "बोला परचुरे. आज वार कुठला, ते आधी सांगा. मी मनात धरलाय, जुळतो का बघू." रोज जुळायचा. "आज जुळला," म्हणायच्या.

फेब्रुवारीत मुलगी न्यायला आली. सामान मोडायला मी मदत केली. सफरचंदांची खोकी मोठ्या कचऱ्यात जायची होती. त्यासाठी फोन करून दिवस ठरवावा लागतो, प्रत्येक नगावर कागद चिकटवावा लागतो. बाईंनी ते सगळं स्वतः केलं. मग मला खाली घेऊन गेल्या. वारा अंगातून जात होता. "एकेक बघा हो. बरोबर आहे ना? माझा आता माझ्यावर भरवसा नाही."

मी एकेक खोकं बघितलं. सगळं बरोबर होतं. "बरोबर आहे," मी म्हणालो. तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल पडला, आणि मी तिथे सांगू शकलो असतो. शेजारी कोणी नव्हतं.

पुढच्या वर्षी मी मुलाबरोबर ओसाकाला गेलो. बुलेट ट्रेनमध्ये एक वाक्य पाठ करत होतो. मुलीच्या घरातली त्यांची खोली पांढरी होती, भिंती मोकळ्या, टेबलावर औषधांची डबी. जानेवारी होता. "काही लावलं नाहीत?" मी विचारलं. "नको. पसारा कशाला," त्या म्हणाल्या. मुलगी आणि माझा मुलगा चहा करायला आत गेले. मी तोंड उघडलं, पण आधी त्याच बोलल्या.

"तुमचे आभार मानायचे राहिले होते. त्या दिवशी तुम्ही माझी भीड न धरता खरं सांगितलंत. दुसरा कोणी झाकून नेता. मला कळलंच नसतं हो, आणि एक दिवस स्टोव्हने घर पेटवून बसले असते."

मी चहा प्यायलो. मुलाने फोटो काढला. त्यात आम्ही दोघंही हसतो आहोत.

दोन वर्षांनी त्या न्यूमोनियाने गेल्या. मुलीचा फोन आला तेव्हा ती बराच वेळ रडली, मग म्हणाली, "काका, शेवटच्या दिवशीसुद्धा नर्सेसची नावं घेऊन बोलत होती. डॉक्टर दर वेळी सांगायचे, हिच्या स्मरणशक्तीला काही झालेलं नाही. ती ऐकायचीच नाही. म्हणायची, तुम्हाला माहीत नाही, परचुऱ्यांनी बघितलंय."

हे मी अजून मुलाला आणि गौरीला सांगितलेलं नाही. इथे वाचतील. किकुची-सान हयात आहेत, त्यांना गौरीकडून निरोप द्यावा लागेल, कारण माफी मागण्याइतकं जपानी मी शिकलो नाही. बाईंच्या मुलीला पत्र लिहून ठेवलं आहे, या लेखाबरोबर पाठवीन. ट्रेनमध्ये पाठ केलेलं ते वाक्य मात्र ज्यांना द्यायचं होतं त्यांना दिलं नाही. ते असं होतं:

उकिडवेबाई, मला माफ करा, झाड मी तोडलं आणि मीच टाकलं. तुम्ही काहीही विसरला नव्हतात.